भागोजी वायरिंगवाल्याचा निकाल

खेडशीच्या नाक्यावर, हायवेच्या कडेला, भागोजी शितपाचं पत्र्याचं दुकान आहे. दारावर बोर्ड आहे, ‘सर्व गाड्यांचे वायरिंगचे काम होईल. ड्रायव्हरने मध्ये बोलू नये.’ पहिली ओळ निळी, दुसरी लाल. नवखा माणूस ती लाल ओळ वाचून हसतो. त्याला ती गंमत वाटते. मग भागोजी बॉनेट उघडतो, ड्रायव्हर म्हणतो, “काल काय झालं सांगू का,” आणि भागोजी हातातला टेस्ट लॅम्प खाली ठेवून सरळ स्टुलावर जाऊन बसतो. समोरचा गप्प होईपर्यंत तो उठत नाही. एकदा एका ट्रकवाल्याने हट्टाने सगळं सांगून टाकलं, तर भागोजीने त्याच्या ट्रकला हात लावला नाही तो नाहीच.

त्याचं म्हणणं साधं होतं. ड्रायव्हर खोटं बोलतो. गाडी पाण्यातून काढलेली असली तरी रस्ता कोरडा होता म्हणतो, हेडलाईट रात्रभर चालू राहिले असले तरी बॅटरी आपसूक उतरली म्हणतो. गाडीला पोट नाही, तिला नोकरी टिकवायची नसते, म्हणून ती खोटं बोलत नाही. तेव्हा गाडी काय सांगते ते ऐकायचं आणि ड्रायव्हरला उभा ठेवायचा. त्याचीही एक पद्धत ठरलेली होती. गाडी संध्याकाळी दुकानात लावून घ्यायची, रात्रभर गार होऊ द्यायची, आणि सकाळी चहा झाला की शांतपणे एकेक वायर तपासायची. तीस वर्षं त्याने असंच केलं आणि शंभरातल्या नव्वद गाड्यांना त्याने बरोबर पकडलं. उरलेल्या दहांचं काय झालं ते कोणी मोजलं नाही, भागोजीने तर नाहीच.

हाताला जस होतं, हे कबूल करायलाच हवं. पण तोंड. एका रिक्षावाल्याने बॅटरीच्या वायर उलट्या जोडल्या होत्या, तर भागोजीने भर नाक्यावर त्याच्याकडून ‘लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस’ असं दहा वेळा म्हणून घेतलं. रिक्षावाल्याने निमूट म्हटलं, कारण धंद्याची वेळ होती आणि दुसरा वायरिंगवाला थेट शहरात. त्याची बायको मागच्या सीटवर मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. चहाच्या टपरीवरचे लोक पोट धरून हसले. भागोजीची खरी दौलत ती टपरी होती. त्याच्या तोंडून पडलेला शब्द तिथून उचलला जायचा आणि दुपारपर्यंत मिरकरवाड्याच्या बंदरात पोचलेला असायचा.

त्याच शब्दाने सहदेवचं आयुष्य खाल्लं.

सहदेव जाधव आनंदाशेट डोर्लेकरांच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. आनंदाशेटांचे दोन ट्रॉलर आणि मासळीचा व्यापार. बंदरावर लिलाव झाला की क्रेट भरायचे, वर बर्फ ठोकायचा आणि पिकअप आंबा घाट चढून कोल्हापूरला. अकरा वर्षं सहदेव हे करत होता. शेचाळीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा. आरे-वारेच्या वरच्या अंगाला बौद्धवाडीत त्याचं घर, घरात बायको सीता. स्टीअरिंग सोडलं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि स्टीअरिंगवर बसल्यावर त्याला दुसरं काही नकोही असायचं. बंदरावर त्याला सगळे मानाने ‘मास्तर’ म्हणायचे. तो मान त्याला त्या चाकामागे बसूनच मिळालेला होता.

मार्चात पिकअपने दगा द्यायला सुरुवात केली. घाटात, ऐन चढावर, इंजिन एकदम मरायचं. खोकणं नाही, धूर नाही, दिवा विझावा तसं. सहदेव गाडी कडेला घ्यायचा, आपल्याकडचा कोणीही ड्रायव्हर करतो तसं आधी बॉनेट उघडायचा, वाऱ्याला उभा राहायचा. पाऊण तासाने चावी फिरवली की गाडी पहिल्या झटक्याला चालू. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा बर्फ वितळला, सुरमई मऊ पडली आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने माल परत पाठवला. आनंदाशेट तापट माणूस. त्यांनी विचारलं, “गाडी बंद पडते आणि आपोआप चालू होते, व्हय? आणि नेमकी दुपारी, जेवण झाल्यावर?” सहदेवने मान हलवली. शेटांना जे वाटायचं ते वाटलं. घाटातल्या सावलीत गाडी लावून हा डोळा लागू देतो.

तरी त्यांनी एक न्याय केला, असं ते नंतर सगळ्यांना सांगायचे. त्यांनी गाडी भागोजीकडे लावली. भागोजी बोलेल ते खरं, असं त्यांनी ठरवलं. सहदेवनेही होकार दिला. त्याचा भागोजीवर विश्वास होता, हे ऐकून आता कोणालाही चीड येईल.

पिकअप रात्रभर दुकानात उभी राहिली. सकाळी नऊ वाजता भागोजीने बॉनेट उघडलं. आनंदाशेट टपरीपाशी, सहदेव गाडीच्या बाजूला. टपरीवर नेहमीचे सात-आठ जण.

“दादा,” सहदेव म्हणाला, “ती गरम झाली का मरते. आणि तेव्हा चावी फिरवली ना, तर तो पिवळा—”

“गप.”

“नाय, एवढां ऐका, तो पिवळा—”

भागोजी स्टुलाकडे निघाला. सहदेव गप्प झाला. भागोजी परत आला.

त्याने बॅटरी पाहिली, अर्थिंग पाहिलं, फ्यूज एकेक काढून पुसून लावले. इंजिनाच्या कॉम्प्युटरला करंट देणाऱ्या रिलेवर बोट ठेवून चावी फिरवायला लावली. बोटाखाली ‘टक’ झालं. करंट पोचत होता. गाडी चालू झाली. बंद केली, पुन्हा चालू झाली. त्याने ती अकरा वेळा चालू करून दाखवली, आणि दर वेळी टपरीवरचे लोक मोठ्याने आकडा म्हणत गेले.

“शेट,” भागोजी हात पुसत म्हणाला, “गाडी टक्क जागी हाय. झोपतो तो ड्रायव्हर.”

हशा पिकला. आनंदाशेटांनी हात पुढे केला आणि सहदेवने खिशातली दुसरी चावी त्यांच्या तळव्यावर ठेवली. मग तो भागोजीकडे वळला. “दादा, एक फेरी माझ्याबरोबर घाटात चला. एकच. तुमच्या डोळ्यांनी बघा. मी जेवण पण घेणार नाय.”

“तुझ्या जांभया मोजायला येऊ?” भागोजी म्हणाला.

पुन्हा हसले. भागोजीला ते वाक्य इतकं आवडलं की त्या दिवशी त्याने ते आणखी चार जणांना सांगितलं.

पुढचं सगळं बंदराने केलं. ‘मास्तर’चं ‘कुंभकर्ण’ झालं. सहदेव दुसऱ्या शेटाकडे गेला तर तिथे कोणीतरी घोरण्याचा आवाज काढला. तिसऱ्याने सरळ सांगितलं, “माल माझा नासेल, आणि तू दरीत गेलास तर केस माझ्यावर.” झोपणाऱ्या माणसाला चाक कोण देणार? चोराला देतील, दारुड्याला देतील, दिलेलं आहे. झोपणाऱ्याला नाही. शिमग्याला वाड्यावाड्यांत पालख्या नाचत होत्या, चाकरमानी आले होते, आंबेवाल्यांना ड्रायव्हर मिळत नव्हते, आणि अकरा वर्षं घाट चढलेला हा माणूस घरी पडवीत बसून होता.

एप्रिलात तो चिरेखाणीवर गेला. जांभा दगड मशीन कापते, पण कापलेला चिरा ट्रकमध्ये माणूसच चढवतो. एकेक चिरा तीस-पस्तीस किलोचा. विशीतली पोरं ते काम करतात आणि तिशीत सोडतात. सहदेव शेचाळीसाव्या वर्षी लागला. ट्रक भरायला लागला की तो एकदा ड्रायव्हरच्या केबिनकडे बघायचा आणि मग चिरा उचलायचा, असं तिथले लोक सांगत. तेही हसतच सांगत.

सहदेव गेल्यापासून पिकअप फक्त जवळच्या, सकाळच्या फेऱ्या मारत होती. मेच्या मध्यावर ती पुन्हा कोल्हापूरच्या वाटेला लागली आणि पुन्हा मेली. चार दिवस नव्या ड्रायव्हरच्या हाताखाली मेली, त्याला आनंदाशेटांनी शिव्या घालून हाकलला. पाचव्या दिवशी ते स्वतः चाकावर बसले. ऊन असं होतं की घाटापर्यंतही जावं लागलं नाही. दुपारी तीनला पालीच्या अलीकडच्या चढावर इंजिन गेलं. आनंदाशेट जागे होते, चांगले डोळे फाडून जागे होते. त्यांनी भागोजीला फोन लावला.

“मेली रे. आपोआप. गरम झाली का मरते बघ ही.”

“चावी फिरवल्यावर काय होतं?”

“स्टार्टर फिरतो, गाडी घेत नाय. आणि तो इंजिनाचा पिवळा दिवा असतो ना समोर, तोच लागत नाय.”

भागोजी फोन कानाला लावून उभा राहिला. मालक बोलत होता म्हणून त्याने वाक्य पुरतं ऐकलं होतं. मालकाला स्टुलाची सवय दाखवायची नसते. आणि ऐकल्या क्षणी त्याला कळलं. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागत नाही, म्हणजे कॉम्प्युटरला करंटच पोचत नाही. शिकाऊ पोरालाही कळावं इतकं ते सोपं होतं.

“बॉनेट उघडू नका,” तो म्हणाला. “मी येईपर्यंत अजिबात उघडू नका. गार होऊ देऊ नका तिला.”

स्कूटर त्याने फाट फाट पिटाळली. पोचला, बॉनेट उघडलं, तोंडावर वाफ आली. रिलेच्या डबीला बोट लावलं तर चटका बसला. चावी फिरवायला लावली. ‘टक’ झालं, पण टेस्ट लॅम्प लावला तर लागेना. रिले आतून ओढत होता, करंट पुढे सोडत नव्हता. शेजारीच हॉर्नचा रिले होता, त्याच मापाचा. भागोजीने तो काढून इथे बसवला. पिवळा दिवा लागला आणि गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. स्कूटर स्टँडवर लावल्यापासून वीस मिनिटं झाली होती.

आनंदाशेट म्हणाले, “म्हणजे तो खरां बोलत होता काय रे?”

हॉर्नशिवाय घाट चढू नका, एवढंच भागोजीने सांगितलं, आणि शेटांनी तिथूनच गाडी दुकानाकडे मागे वळवली.

दुकानात येऊन त्याने जुन्या रिलेची टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. चष्म्यावर भिंग धरलं. आत एका पिनेच्या पायाभोवतीच्या डाकाला, म्हणजे सोल्डरला, गोल भेग होती, केसाएवढी. गार असताना ती मिटलेली, करंट आरामात जाणार. तापलं की धातू पसरणार, भेग उघडणार, गाडी मरणार. बॉनेट उघडून वारा लागला की पुन्हा मिटणार. सहदेवने सांगितलेलं अगदी तसंच. रात्रभर गार केलेल्या गाडीत ही भेग देवालाही दिसली नसती, आणि भागोजीला गाड्या रात्रभर गार करायचीच सवय. त्याने डाकाची कांडी तापवली, जुना डाक काढला, नवा भरला, टोपी दाबून बसवली. पाच मिनिटांचं काम. नवा रिले बाजारात मिळतो, पण तो शहरातून आणायला उद्या उजाडला असता, आणि आज त्याला हे हातावेगळं करायचं होतं.

संध्याकाळी आनंदाशेटांनी गाडी नेली तेव्हा तेच म्हणाले, “सहदेवाला बोलाव परत. मी कुठल्या तोंडाने जाऊ? तू जा. सांग, चावी तुझी.”

आणि आता भागोजीचं मन पाहा. आधी त्याला लाज वाटली, ती खरी होती. पण रात्री जेवता जेवता ती लाज वितळून दुसरंच काही झालं. आपण जाणार, त्याला त्याची नोकरी परत देणार, तो पाया पडेल, आपण पडू देणार नाही. बायकोने, काशीने, ताटात आमटी वाढताना विचारलं, “माफी मागाल ना?” तर तो म्हणाला, “नोकरी नेऊन देतोय त्याची, आणखी माफी कसली?” काशी आमटीचं भांडं घेऊन आत गेली. तीस वर्षांत तिलाही त्या बोर्डावरची लाल ओळ पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बौद्धवाडीत गेला. विहाराच्या मागचं तिसरं घर. खाली समुद्र लखलखत होता. सीता अंगणात कोकमाच्या फोडी सुकत घालत होती. तिने त्याला ओळखलं आणि परत फोडींकडे बघायला लागली. सहदेव पडवीत भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर टॉवेल.

“उठू नको, बस,” भागोजी म्हणाला, जसा काही तो उठणारच होता. आणि त्याने सुरुवात केली. पालीचा चढ, बंद बॉनेट, बोटाला बसलेला चटका, टेस्ट लॅम्प, हॉर्नचा रिले, डाकाची भेग. भेग केवढी ते त्याने नख धरून दाखवलं. अशी भेग शोधणं किती कठीण, जिल्ह्यात किती जणांना जमलं असतं, तेही सांगितलं. सहदेवने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा भागोजीने हात वर करून त्याला थांबवलं. “थांब, पुरतं ऐक. शेटनी सांगितलंय, चावी तुझी. उद्या सकाळी बंदरावर ये. लिलाव झाला की निघायचं.”

मग तो थांबला आणि वाट बघत राहिला.

सहदेवने मांडीवरचा टॉवेल बाजूला केला. उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती. कातडी अजून लाल होती, टाक्यांच्या खुणा ओल्या होत्या.

“खाणीत,” तो म्हणाला. “दोन चिऱ्यांच्या मधी आला. महिना होईल आता.”

गियरचा दांडा डाव्या हाताने धरला तर स्टीअरिंग कशाने धरणार? अंगठा आणि करंगळीने आंबा घाट चढता येत नाही. भागोजीला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो त्या हाताकडे बघत उभा राहिला.

“पिवळा दिवा लागत नव्हता ना?” सहदेवने विचारलं.

“नाय.”

“ताच सांगत होतो मी.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भागोजीने तो सहज परतवला असता, त्यात तो तयार होता. “आणि सापडायला किती वेळ लागला तुमाला?”

भागोजी खोटं बोलू शकला असता. दिवस गेला म्हणता आलं असतं. “वीस मिनिटां,” तो म्हणाला.

सीतेच्या हातातली फोड खाली पडली. ती उठली, टॉवेल उचलून तिने पुन्हा नवऱ्याच्या हातावर घातला, नीट, चारी बाजूंनी. मग ती भागोजीसमोर येऊन उभी राहिली. “एक काम करा. तुमी त्या टपरीवर सगळ्यांच्या समोर बोलला होता. तितंच, त्याच लोकांच्या समोर सांगा, हा झोपत नव्हता म्हणून. हात ऱ्हाऊ दे. नाव तरी द्या त्याचां परत.”

“सांगतो,” भागोजी म्हणाला.

पाणी कोणी विचारलं नाही. तो उतारावरून स्कूटरपाशी आला आणि तिथून त्याने आनंदाशेटांना फोन केला. हाताचं ऐकून शेट “अरेरे,” म्हणाले. “वाईट झालां. बरं, मग दुसरा कोण बघ तुझ्या ओळखीत. उद्या माल आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर सगळे होते. बातमी अर्धीमुर्धी आली होतीच, कोणीतरी विचारलं, “काय भागोजीशेट, पालीला काय चमत्कार केलात म्हणे?” भागोजीने चहाचा ग्लास हातात घेतला. त्याला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं, रात्रभर त्याने ते वाक्य तोंडात घोळवलं होतं. पण ते वाक्य म्हणायचं तर त्याआधी दुसरं म्हणावं लागत होतं, मी चुकलो, आणि समोर सात-आठ चेहरे होते, हसायला तयार. या चेहऱ्यांना हसायला त्यानेच शिकवलं होतं. ते कोणावर कसे हसतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने चहाचा घोट घेतला आणि पालीच्या चढापासून सुरुवात केली.

ती गोष्ट आता त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे. मीटर होता पण मीटरला दिसलं नाही, बोटाला कळलं, असं तो सांगतो. केसाएवढी भेग, वीस मिनिटं. शहरातले वायरिंगवालेही ती ऐकायला थांबतात. तिच्यात तापलेलं बॉनेट आहे, हॉर्नचा रिले आहे, आनंदाशेटांचा घामेजलेला चेहरा आहे. बंदरावर सहदेवला अजून कुंभकर्णच म्हणतात, आणि तो कधी बाजाराला आला तर सीता त्याच्या उजव्या बाजूने चालते, हात दिसू नये म्हणून.

परवा एका नव्या ड्रायव्हरने गोष्ट पुरती ऐकून भागोजीला विचारलं, “पण शेट, त्याच्या आधी मार्चातपण गाडी बंद पडत होती ना? तेव्हा चालवत कोण होतं? त्याने सांगितलं नाय कधी?”

भागोजीने टेस्ट लॅम्प उचलला आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

“होता कोणतरी,” तो म्हणाला.